पेन समोरच्याच्या हातात : पहिल्या वर्षाच्या विज्ञानात सोबत्याला शिकवताना

पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राचा पेपर सुटला की वर्गाच्या दाराबाहेर थोडा वेळ उभे राहा. काही जण घोळका करून उत्तरं ताडून बघत असतात. ‘तुझं किती आलं?’ ‘अरे, तिथे दोनने भागायचं होतं!’ आणि काही जण पाठीला बॅग अडकवून सरळ चालू लागतात. या दुसऱ्यांनी अभ्यास केलेला नसतो असं मुळीच नाही. पुष्कळदा त्यांनी घोळक्यातल्यांपेक्षा जास्त तास घातलेले असतात, फक्त एकट्याने. आपलं कुठे चुकलं ते त्यांना निकाल लागेपर्यंत कळत नाही, आणि निकालानंतर विचारावं असं ओळखीचं कोणी नसतं.

तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असाल, हा विषय नुकताच पार केला असेल आणि अशा मुलामुलींना मदत करायला ‘हो’ म्हणून बसला असाल, तर पुढचं तुमच्यासाठी. घरातून कॉलेजात आलेली पहिलीच पिढी, शिक्षणापासून पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवलेल्या समाजातली मुलं, भौतिकशास्त्राच्या वर्गात बोटांवर मोजण्याइतक्या असलेल्या मुली, अपंग विद्यार्थी, शाळेची भाषा एक आणि कॉलेजची दुसरी अशी अडचण असलेले, या सगळ्यांत एक गोष्ट सारखी असते. वर्गात आपल्यासारखं दुसरं कोणी दिसत नाही, त्यामुळे ‘हे मलाच येत नाही’ ही समजूत फार लवकर पक्की होते. शेजारचाही अडकलाय हे त्यांना दिसतच नाही.

आधी पाटी बदला

‘कच्च्या विद्यार्थ्यांसाठी जादा वर्ग’ अशी सूचना लावलीत तर ज्यांना गरज आहे तेच येणार नाहीत. आपण कच्चे आहोत असं सगळ्यांसमोर कबूल करायला कोण येईल?

अमेरिकेत १९७३ साली मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी इथल्या आवारात डिआना मार्टिन यांनी ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’ ही पद्धत सुरू केली, तेव्हा नेमकी ही गाठ सोडवली. त्यांनी अवघड विद्यार्थी शोधले नाहीत, अवघड विषय शोधले. ज्या विषयात दरवर्षी पुष्कळ जण गळतात किंवा नापास होतात, त्या विषयाचा अभ्यासगट, आणि तो सगळ्यांना खुला. हुशार म्हणून नाव असलेलेही येतात, त्यामुळे तिथे जाणं ही लाज राहत नाही. तुमच्या सूचनेवरही विषयाचं नाव असू द्या, विद्यार्थ्यांच्या प्रकाराचं नको. ज्यांच्यासाठी मुख्यतः हे चालवताय त्यांना मात्र समक्ष, नावाने बोलवा. भिंतीवरची सूचना वाचून येणारे बहुधा आधीपासूनच कुठल्या तरी घोळक्यात असतात.

दुसरं उदाहरण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्याच बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात उरी ट्राइसमन या गणितज्ञांना कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येने का मागे पडतात हा प्रश्न पडला. सहकाऱ्यांची उत्तरं तयारच होती: जिद्द कमी, पाया कच्चा, घरून पाठिंबा नाही. ट्राइसमन यांनी मुलं अभ्यास करतात त्या जागी जाऊन बघितलं, तेव्हा यातलं एकही उत्तर टिकेना. मुलं कष्टाळू होती, घरचे पाठीशी होते. पण ती अभ्यास एकट्याने करत. त्याच वर्गातले चिनी वंशाचे विद्यार्थी आधी आपापलं वाचून मग एकत्र बसत, एकमेकांची गणितं तपासत, कुठला प्रश्न सगळ्यांनाच सुटला नाही हेही त्यांना कळे. ट्राइसमन यांनी मग कार्यशाळा सुरू केल्या. त्यांत सोपी गणितं न देता मुद्दाम कठीण दिली, गटात सोडवायला लावली, आणि आमंत्रण देताना ‘तुम्ही चांगलं करू शकता म्हणून बोलावतोय’ हा सूर ठेवला. निकाल चांगलेच सुधारले. तुम्ही गणितं निवडाल तेव्हा हे ध्यानात ठेवा. दया दाखवून निवडलेली सोपी गणितं मुलांना बरोबर ओळखू येतात.

बसण्यापूर्वीची तयारी

विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांना भेटा. तीन गोष्टी ठरवून घ्या: या टर्ममध्ये काय कधी शिकवणार, गुण असलेल्या गृहपाठात तुम्ही किती मदत करायची, आणि तुमच्याकडे कोण येतं हे त्यांना कळणार का. शेवटच्याचं उत्तर ‘नाही’ असावं. गुण देणाऱ्याच्या कानावर आपली फजिती जाते असा संशय आला की मुलं गप्प होतात.

जमलं तर त्यांच्या तासाला पुन्हा जाऊन बसा. दोन वर्षांपूर्वी तुम्हाला कळलेली पद्धत आणि आज फळ्यावर असलेली पद्धत वेगळी असू शकते. तुम्ही तिसरीच सांगितलीत की समोरच्याचा गोंधळ दुप्पट. शिवाय वर्गात बसल्यावर कुठल्या वाक्याला सगळ्यांची पेनं एकदम थांबतात तेही दिसतं.

गट सहा ते आठ जणांचा पुरे. त्याहून मोठा झाला की तो पुन्हा वर्गच होतो.

पहिली भेट

टेबलाच्या पलीकडे बसू नका, शेजारी बसा. नाव विचारा, उच्चार नीट करून घ्या, दुसऱ्या भेटीत आठवणीने वापरा. कोणी ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणू लागलं तर हसून थांबवा. तुमचं सगळं भांडवल तुम्ही सर नसण्यात आहे. ज्याला ‘तू’ म्हणता येतं त्याला चुकीचं उत्तर सांगायला भीती वाटत नाही.

‘काय येत नाही?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘काहीच नाही’ असंच येतं. त्याऐवजी ‘शेवटचं सोडवलेलं गणित दाखव’ म्हणा, किंवा ‘कुठपर्यंत आलीस?’ विचारा. कागदावर सगळं दिसतं.

काही शब्द जिभेवर येऊ देऊ नका. ‘सोपं आहे’ हा त्यातला सगळ्यात वाईट. समोरच्याला ते सुटलं तर सोपंच सुटलं म्हणून त्याला आनंद नाही, आणि सुटलं नाही तर सोपंही येत नाही म्हणून दुप्पट खच्चीकरण. ‘हे तर शाळेतच झालं असेल’ हेही तसलंच, प्रत्येकाच्या शाळेत ते झालेलं नसतं. ‘मीही इथे अडकलो होतो’ हे जरूर म्हणा, पण खरं असेल तरच.

मुख्य काम : विचारणं आणि गप्प बसणं

मी पहिल्यांदा शिकवायला बसलो तो तास मला फार रंगल्यासारखा वाटला होता. मी एकामागून एक गणितं सोडवत होतो, समोरची मुलगी माना डोलावत होती, ‘कळलं’ म्हणत होती. दोन दिवसांनी त्यातलंच एक गणित तिला करायला सांगितलं तर पहिली ओळही लिहिता येईना. तासभर सराव झाला होता खरा, पण माझा. तेव्हापासून एकच नियम पाळतो: पेन समोरच्याच्या हातात. आकृती काढून दाखवायचा मोह झाला तर मी हात टेबलाखाली घेतो. हे विनोदाने लिहीत नाहीये, खरंच घेतो.

आता एक गणित घेऊ. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन यांच्यापासून जास्तीत जास्त किती ग्रॅम पाणी तयार होईल? पहिल्या वर्षाचे कितीतरी जण चटकन म्हणतात, ‘हायड्रोजन कमी आहे, तोच आधी संपेल.’ यावर ‘नाही, आधी मोल काढ’ (मोल म्हणजे रेणू मोजायचं एकक) म्हणालात तर गणित सुटेल आणि चूक जशीच्या तशी राहील. त्याऐवजी संभाषण साधारण असं चालवा.

‘कमी आहे म्हणजे काय कमी आहे?’

‘ग्रॅम.’

‘समीकरण मला शब्दांत सांग.’

‘हायड्रोजनचे दोन रेणू, ऑक्सिजनचा एक, मिळून पाण्याचे दोन.’

‘यात ग्रॅम कुठे आलं?’

इथे थांबा. शांतता पसरेल, पसरू द्या. मग समोरची मुलगी स्वतःच म्हणेल की हे आकडे रेणूंचे आहेत, म्हणजे ग्रॅमचे मोल करावे लागतील. हायड्रोजनच्या एका मोलचं वजन २ ग्रॅम, म्हणजे २ मोल. ऑक्सिजनचं ३२, म्हणजे अर्धा मोल. अर्ध्या मोल ऑक्सिजनला हायड्रोजन एकच मोल लागतो. वजनाने चौपट असलेला ऑक्सिजनच आधी संपला! पाणी १ मोल, १८ ग्रॅम. हायड्रोजन २ ग्रॅम उरला.

पुष्कळ शिकवणारे इथे ‘शाब्बास’ म्हणून पुढच्या गणिताकडे वळतात. वळू नका, एक प्रश्न राहिलाय: ‘हे बरोबर आहे की नाही हे मला न विचारता कसं तपासशील?’ सुरुवातीला ४ आणि १६ मिळून २० ग्रॅम होतं, शेवटी १८ आणि २ मिळून २०च आहे. परीक्षेत तुम्ही शेजारी नसता. आपलं उत्तर आपणच पडताळण्याची ही सवय लागली तर बाकी काही शिकवायचं राहिलं तरी मला फारसं वाईट वाटत नाही.

गप्प बसणं हे बोलण्यापेक्षा अवघड आहे. मेरी बड रो या संशोधक बाईंनी विज्ञानाच्या वर्गांमधली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं आढळलं. तेच थांबणं तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. कोणी तुमच्याकडे टक लावून बघत असताना मोजून पाहा. मी पाण्याची बाटली जवळ ठेवतो. प्रश्न विचारायचा आणि एक घोट प्यायचा.

अशा कामाला येणारे आडवळणाचे प्रश्न गाठीशी ठेवा. वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूला क्षणभर थांबतो, तेव्हा त्याच्यावर बल कुठलं? ‘काहीच नाही’ आणि ‘हाताचं उरलेलं’ ही दोन्ही उत्तरं सर्रास मिळतात. वेग शून्य असला तरी पृथ्वीची ओढ तशीच आहे. जीवशास्त्रासाठी: मोठ्या झाडाच्या लाकडाचं वजन आलं कुठून? बहुतेकांचं बोट मातीकडे जातं. त्यातला कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आलाय हे पटायला वेळ लागतो, आणि ते एकदा पटलं की प्रकाशसंश्लेषणाचा पाठ केलेला धडा पहिल्यांदाच खरा वाटतो.

भाषेची पायरी

शाळेची भाषा वेगळी असणाऱ्यांना विचार त्यांच्या भाषेत करू द्या. शेवटचं उत्तर तेवढं परीक्षेच्या भाषेत लिहून घ्या. दोन्ही कामं एकदम सांगितलीत तर विज्ञान कुठे अडलं आणि भाषा कुठे, ते तुम्हालाच कळणार नाही.

भाषा ओळखीची असली तरी एक सापळा उरतोच. रोजच्या बोलण्यात बल, शक्ती, ताकद, जोर सगळं एकच. भौतिकशास्त्रात बल न्यूटनमध्ये मोजायचं आणि शक्ती वॅटमध्ये. भिंत ढकलून घाम निघाला तरी भिंत हलली नाही तर भिंतीवर झालेलं कार्य शून्य. ‘उष्णता’ आणि ‘तापमान’ यांची अदलाबदल तर शिकलेली माणसंही बेधडक करतात. अशा शब्दांची यादी गटाकडूनच करून घ्या: डावीकडे घरचा अर्थ, उजवीकडे विषयातला.

गट चालवताना

गटात एक जण बोलतो, दोघं ऐकतात आणि एका मुलीकडे लिहायचं काम जातं. हे इतकं नकळत होतं की तुमच्याही लक्षात येणार नाही. म्हणून कागद एकच ठेवा आणि पेन फिरवा. ज्याच्या हातात पेन, त्याने दुसऱ्याने सांगितलेलं लिहायचं, आणि पटलं नाही तर लिहायला नकार द्यायचा. नकार दिला की सांगणाऱ्याला समजावून द्यावं लागतं. प्रयोगशाळेतही तेच: उपकरण कोण हाताळतं आणि वहीत आकडे कोण भरतं, हे दर आठवड्याला बदला.

गट पाडताना ‘प्रत्येकात एक मुलगी’ अशी समतोल वाटणी करू नका. अशाने ती प्रत्येक ठिकाणी एकटी पडते. दोघी एकत्र असल्या तर बोलतात.

अभ्यास कसा करायचा, हेही शिकवा

‘तीन वेळा वाचलं तरी आठवत नाही’ ही तक्रार तुम्ही दर आठवड्याला ऐकाल. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि त्या ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. म्हणून दर बैठकीची पहिली पाच मिनिटं वह्या बंद. कोऱ्या कागदावर मागच्या वेळचं आठवेल तेवढं लिहायचं, शेजाऱ्याच्या कागदाशी ताडून बघायचं, कोणी गुण द्यायचे नाहीत.

पहिल्या चाचणीचे पेपर हातात आले की त्या आठवड्यात नवं काही शिकवू नका. गेलेल्या प्रत्येक गुणापुढे कारण लिहायला सांगा: माहीतच नव्हतं, प्रश्न नीट वाचला नाही, पद्धत बरोबर पण आकडेमोड चुकली, की वेळ पुरला नाही. चौघांची औषधं वेगळी आहेत. वेळ न पुरणाऱ्याने आणखी वाचून उपयोग नाही, त्याने घड्याळ लावून सोडवायला हवं. ‘मला रसायन जमत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला आपले निम्मे गुण एककं लिहायची राहिल्याने गेलेत हे स्वतःच्या अक्षरात दिसलं, की पुढची बैठक वेगळीच होते.

जे कुठेच लिहिलेलं नसतं

ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही त्यांना काही गोष्टी सांगायला कोणीच नसतं. प्राध्यापकांना भेटायची वेळ ही विचारायला जाण्यासाठीच असते, तक्रारीसाठी नाही. विषय सोडायची शेवटची तारीख असते. प्रॅक्टिकलची वही त्याच दिवशी पूर्ण न करणं महागात पडतं. तुम्हाला या गोष्टी कोणाकडून कळल्या ते आठवा, आणि तुम्ही तो ‘कोणी’ व्हा.

प्राध्यापकांकडे पहिल्यांदा जाताना हवं तर सोबत जा, पण दाराशीच थांबा. प्रश्न आधी लिहून न्यायला सांगा. ‘मला कळलं नाही’ यापेक्षा ‘तिसऱ्या ओळीपर्यंत आलो, चौथीत चिन्ह का बदललं?’ या प्रश्नाला फार चांगलं उत्तर मिळतं.

कुठे थांबायचं

गुण असलेला गृहपाठ तुम्ही सोडवून द्यायचा नाही. त्याच पद्धतीचं, आकडे बदललेलं गणित करा, मग मूळ गणित त्यांचं त्यांना करू द्या. तुम्हाला उत्तर येत नसेल तर तसं सांगा आणि पुस्तक दोघांमध्ये उघडा. न येणाऱ्या गोष्टीकडे कसं जायचं हे बघायला मिळणं हाही धडाच. एखादं बोलणं विज्ञानाच्या पलीकडे गेलं, घरचा ताण, पैशाची ओढाताण, झोप न येणं, तर ऐका, आणि कॉलेजातल्या समुपदेशकापर्यंत पोहोचवा. जिवाला धोका वाटेल असं काही कानावर आलं तर त्याच दिवशी पोहोचवा, गुप्ततेचा विचार मग. एरवी टेबलावरचं टेबलावरच राहू द्या.

प्राध्यापकांपर्यंत मात्र एक गोष्ट जरूर जावी: नावं न घेता, या आठवड्यात बहुतेकांना कुठला प्रश्न अडला. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ असं कोणी म्हणालंच तर दोन आकडे जवळ असू द्या. फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित शिकवण्यावरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याची शक्यता, मुलांना स्वतः सोडवायला आणि बोलायला लावणाऱ्या वर्गाच्या दीडपट निघाली. २०२०च्या थिओबाल्ड आणि सहकाऱ्यांच्या पाहणीत अशा वर्गांमध्ये कमी प्रतिनिधित्व असलेल्या आणि इतर विद्यार्थ्यांमधली उत्तीर्ण होण्यातली दरी सरासरी ४५ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. तुमच्या गटाचे गुण वाढले तर लगेच ढोल वाजवू नका, कारण स्वतःहून येणारे बहुधा आधीच जिद्दीचे असतात. पहिल्या चाचणीत सारखेच गुण असलेल्या, पण तुमच्याकडे न आलेल्यांशी तुलना करा.

कोणीच आलं नाही तर

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकदा तरी हे होतं. तुम्ही, रिकाम्या खुर्च्या आणि पाण्याची बाटली. मनाला लावून घेऊ नका, आधी वेळापत्रक बघा. त्या वेळी कोणाचं प्रॅक्टिकल असतं, कोणी काम करून शिकतं, कोणाची शेवटची गाडी असते. दोन वेळा ठेवा, त्यातली एक वर्ग सुटल्या सुटल्या, त्याच इमारतीत. प्राध्यापकांकडून तासाची शेवटची दोन मिनिटं मागून घ्या. आपली जाहिरात करू नका, उद्याच्या बैठकीतला एक प्रश्न फळ्यावर लिहा आणि उत्तर न सांगता निघा. झाडाच्या वजनाचा प्रश्न त्यासाठी चांगला आहे. आणि जो एकच जण येईल, त्याला निघताना सांगा की पुढच्या वेळी शेजारी बसणाऱ्याला घेऊन ये.